नदीकाठच्या भिंतीवर काय काढावं?

रामनदीकाठ
१२ मे, रात्री ९.४०

आमच्या सोसायटीची मागची भिंत पुण्यातल्या रामनदीला लागून आहे, सोमेश्वरवाडी सोडून बाणेरकडे येताना लागतो त्या पट्ट्यात. गणपतीच्या वर्गणीतले थोडे पैसे शिल्लक आहेत. त्यातून ही भिंत पावसाळ्याआधी रंगवायची, असं मंडळाचं आणि सोसायटीचं मिळून ठरत आलंय. जवळच्या शाळेतली मुलं, पलीकडच्या वस्तीतले तरुण आणि आमच्यातले हौशी असे सगळे हात लावणार.

रामनदी खाटपेवाडीकडच्या डोंगरात उगम पावते, भूगाव, बावधन, पाषाण तलाव, सोमेश्वरवाडी, बाणेर असं करत औंधला मुळेला मिळते. सगळा प्रवास वीस किलोमीटरच्या आतला. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळपर्यंत पूर्ण नदी चालून येईल. तरी आमच्या इमारतीतल्या मुलांना ती कुठून येते ते माहीत नाही आणि कुठे जाते तेही नाही. नदीकडच्या खिडक्या वासामुळे बंदच असतात, त्यामुळे तिच्याकडे कुणी बघतही नाही.

विचारायचं असं आहे की भिंतीवर काढायचं काय? आणि मुळात चित्रामुळे माणसाचं नदीशी वागणं बदलतं का? तुम्ही कुठे बदललेलं पाहिलं असेल तर सविस्तर लिहा. माझं मत आहे की बदलतं, पण कमळं आणि हंस काढून नाही. आमच्या नदीत हंस नाहीत. जे तिथे आहे, होतं किंवा असायला हवं, तेच भिंतीवर यावं असं मला वाटतं.

पेठेतला
१२ मे, रात्री १०.१५

चांगला धागा. उद्या सविस्तर लिहितो. तोवर जागा धरून ठेवतो.

जलवाहिनी
१२ मे, रात्री ११.०२

ताई, तुमच्या उत्साहाला नमस्कार, पण मला हे पटत नाही. माझी नोकरी ड्रेनेजच्या कामात गेली, त्यामुळे स्पष्ट लिहितो. खडकवासल्याच्या खाली मुठेत पावसाळा सोडला तर धरणाचं पाणी जवळजवळ येत नाही, ते कालव्याने आणि नळाने जातं. एप्रिल-मेमध्ये लकडी पुलाखाली जे वाहताना दिसतं ते आपल्या मोऱ्यांचं आणि संडासांचं पाणी आहे. रामनदीचंही तेच. त्यावर इलाज म्हणजे मैलापाणी नदीत पडण्याआधी अडवणं आणि शुद्ध करणं. जायका या जपानी संस्थेच्या कर्जातून ११ शुद्धीकरण केंद्रं, एकूण ३९६ एमएलडी (रोज ३९.६ कोटी लिटर) क्षमतेची, असा प्रकल्प आहे. करार २०१६ चा, पण प्रत्यक्ष काम सुरू व्हायलाच कितीतरी वर्षं गेली. लोकांची शक्ती त्या पाठपुराव्यात लागली पाहिजे. भिंत सुंदर दिसली की 'नदीसाठी काहीतरी केलं' असं समाधान मिळतं आणि प्रश्न तिथेच राहतो, ही माझी भीती आहे.

निळा_खंड्या
१३ मे, सकाळी ७.२०

जलवाहिनी काकांच्या पहिल्या अर्ध्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत, दुसऱ्याशी नाही. पाठपुरावा करायला माणसं लागतात आणि ज्या नदीकडे कधी पाहिलंच नाही तिच्यासाठी कुणी अर्ज लिहीत बसत नाही.

काय काढायचं याबद्दल सांगते. आजही काठावर काय काय दिसतं ते आधी बघून घ्या. मी मुळा-मुठेच्या काठाने पक्षी बघत फिरते. पाणकावळे, ढोकरी, शेकाट्या, हळदीकुंकू बदक, धोबी आणि खंड्या हे सगळे अजून आहेत. शेकाट्या घाण पाण्यातही भरपूर दिसतो, त्यामुळे पक्षी दिसले म्हणजे पाणी बरं असं समजू नका. हा फरकही चित्रात दाखवता येईल.

आणि एक मासा नक्की काढा. ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस. पुण्याच्या नावावरून नाव पडलेला छोटा मिशाळ मासा आहे, १९३८ साली सुंदरलाल होरा यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्याच्या छातीखाली घड्या घड्यांची एक जागा असते. जोराच्या प्रवाहात तो त्या घड्यांनी खडकाला चिकटून राहतो. त्याला वाहतं, खळाळतं, प्राणवायू असलेलं पाणी लागतं. आपल्या शहराचं नाव लावणारा मासा शहरातल्या मुलांनी एकदा तरी हाताने काढावा.

बाणेरचा_बाळ्या
१३ मे, सकाळी ९.०५

मासा काढाल तेव्हा जरा जपून, सुरमईसारखा दिसला तर आमच्या सोसायटीतले लोक भाव विचारायला येतील :)

चित्रकलेच्या_बाई
१३ मे, दुपारी २.३०

मी शाळेत चित्रकला शिकवते आणि मुलांना घेऊन भिंती रंगवल्या आहेत, म्हणून आधी रंगाबद्दल लिहिते. हा विषय सगळ्यात शेवटी, दुकानात गेल्यावर निघतो आणि तिथेच गडबड होते.

नदीकडच्या भिंतीत ओल असते. त्यावर बाहेरच्या भिंतींचा तयार इमल्शन रंग लावला की तो प्लॅस्टिकच्या पापुद्र्यासारखा बसतो, आतली ओल बाहेर पडायला जागा मिळत नाही. एक पावसाळा झाला की फुगे येतात आणि दुसऱ्या वर्षी पापुद्रे सुटून थेट पाण्यात पडतात. नदी वाचवा असं ज्या रंगाने लिहिलं तोच रंग नदीत. मुलं हे बरोबर पकडतात, 'बाई, हे कुठे जाणार?' असं विचारतात.

त्यापेक्षा चुना वापरा. चुन्यातून भिंत श्वास घेते. त्यात गेरू, पिवळी माती, काजळी आणि नीळ एवढे चार रंग चालतात आणि एवढ्यात सगळं चित्र होतं. मागे एका भिंतीला आम्ही हेच केलं. गेरू पाट्यावर घासताना मुलांचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. एक मुलगी म्हणाली, 'आमच्या गावाकडे आजी चुलीला हाच लावते.' मग तिनेच बाकीच्यांना दाखवलं, किती पाणी घातलं की गेरू ओघळत नाही ते. चौथीतल्या त्या मुलीकडे त्या दिवशी सगळा वर्ग शिकत होता.

चुन्याचं चित्र दरवर्षी फिकं पडतं, मग पुन्हा हात मारावा लागतो. मला हेच आवडतं. दरवर्षी मे महिन्यात नव्या तुकडीला घेऊन नदीवर जायला निमित्त मिळतं. कायमचं चित्र एकदा उद्घाटन झालं की कुणाचं राहत नाही.

पेठेतला
१३ मे, रात्री ९.५०

हा माझा सविस्तर प्रतिसाद.

आमच्या घरच्यांनी पानशेतचा पूर पाहिलाय. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं. नारायण, शनिवार या पेठा, डेक्कन, सगळं पाण्याखाली. नदीकाठच्या जुन्या वाड्यांत पाणी कुठपर्यंत आलं त्याच्या खुणा होत्या. आमच्या वाड्यात जिन्याच्या भिंतीवर खिळ्याने ओढलेली रेघ होती आणि तिच्याखाली तारीख. लहानपणी आम्ही त्या रेघेला पाठ लावून उंची मोजायचो. तिच्याइतकी उंची कुणाचीच व्हायची नाही, मोठ्या काकांचीही नाही. पुराबद्दल मला जे कळलं ते पुस्तकातून नाही, त्या रेघेतून कळलं. वाडा पाडला तेव्हा ती रेघही गेली. पूरग्रस्तांसाठी वसवलेल्या गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगरात आज राहणाऱ्यांना आपली वसाहत का झाली हे विचारून बघा, कितीजण सांगू शकतात.

म्हणून माझी सूचना अशी की भिंतीवर पाण्याची पातळी काढा. महाराष्ट्रात पूररेषा दोन असतात. निळी म्हणजे २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा नकाशात असतात, कार्यालयात असतात, पण जागेवर दिसत नाहीत. नदीकाठच्या माणसाला त्या जागेवर दिसायला हव्यात. रामनदीला २०१० च्या ऑक्टोबरात पूर आला होता. सोमेश्वरवाडीतल्या जुन्या लोकांना विचारा, पाणी कुठवर चढलं ते बोट ठेवून दाखवतील. त्या बोटाच्या जागी रेघ ओढा आणि तिच्याखाली मासे, वर घरं काढा.

एकता_कट्टा
१३ मे, रात्री १०.२२

@पेठेतला, मनापासून अनुमोदन. मी सिंहगड रस्त्याला राहते. २५ जुलै २०२४ ला पहाटे आमच्या भागातल्या सोसायट्यांमध्ये मुठेचं पाणी शिरलं. पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या आणि लोकांना बोटीतून काढलं. तिथे दहा-दहा वर्षं राहणाऱ्यांना आपण पूररेषेच्या कुठल्या बाजूला आहोत हे त्या दिवशी कळलं.

कमिटी_मेंबर
१४ मे, सकाळी ८.४५

रेघेची कल्पना चांगली आहे, पण कुठल्याही सोसायटीच्या मीटिंगमध्ये ती पास होणार नाही. लाल रेषा भिंतीवर आली की फ्लॅटचा भाव पडणार, असं चार जण तरी उठून म्हणतील. हे मी टीका म्हणून लिहीत नाहीये. आयुष्यभराची कमाई त्या घरात घातलेल्या माणसाची भीती खरी असते. तिला उत्तर तयार ठेवा.

पेठेतला
१४ मे, सकाळी ९.३०

@कमिटी_मेंबर, उत्तर आहे. रेघ न ओढल्याने पाणी थांबत नाही. रेघ दिसली तर निदान तळघरात जनरेटर आणि मीटरची खोली कुणी ठेवणार नाही, वॉचमनचं कुटुंब रात्री कुठे झोपतं याचा विचार होईल. आणि नदीत राडारोडा टाकून पात्र अरुंद केलं की ती रेघ वर सरकते, हे भाव सांभाळणाऱ्यालाही कळेल. राडारोड्याच्या टेम्पोला अडवायला मग तोच पहिला जाईल.

बो_काठची
१४ मे, सकाळी ११.१०

मी मूळची कर्वेनगरची, सध्या कॅल्गरीत आहे. इथे 'यलो फिश रोड' नावाचा उपक्रम आहे, ट्राउट अनलिमिटेड कॅनडा या संस्थेने १९९१ मध्ये सुरू केलेला. पावसाचं पाणी जाण्यासाठी रस्त्याच्या कडेला जी जाळी असते तिच्या शेजारी मुलं स्टेन्सिल ठेवून पिवळा मासा रंगवतात. मग आसपासच्या घरांच्या दारांना माशाच्या आकाराचं कार्ड अडकवून येतात, त्यावर लिहिलेलं असतं की या जाळीत पडलेलं सगळं थेट नदीत जातं. बस, एवढंच. माझ्या मुलाने शाळेतून जाऊन असे मासे रंगवले आणि त्यानंतर घरासमोर गाडी धुवायला आम्हाला मनाई झाली, मुलाकडून.

पुण्यात पावसाळी गटारांचं झाकण आणि ड्रेनेजचं झाकण यातला फरक किती जणांना माहीत असेल? पावसाळी गटारात गेलेलं पाणी कुठेही शुद्ध न होता ओढ्यात पडतं. रंगकाम झाल्यावर ब्रश धुतलेलं थिनर, गॅरेजमधलं ऑइल, हॉटेलच्या मागच्या बाजूचं खरकटं, सगळं तिथेच. भिंत एका जागी असते. मासे मात्र अख्ख्या बाणेर रस्त्यावर काढता येतील.

जलवाहिनी
१४ मे, दुपारी १२.४०

@बो_काठची, ही कल्पना मला आवडली, कारण यात प्रत्यक्ष माहिती आहे. एक भर घालतो. आपल्याकडे उलटही होतं. पावसाळी वाहिनीला कुणीतरी सोसायटीचं ड्रेनेज परस्पर जोडून टाकतं. भर उन्हाळ्यात, पाऊस नसताना पावसाळी गटारातून पाणी वाहत असेल तर समजायचं की वर कुठेतरी अशी जोडणी आहे. मुलं मासे रंगवायला मे महिन्यात निघाली तर त्यांना ही गटारं आपोआप सापडतील. ज्या झाकणाखाली आवाज येतो त्याची नोंद करा आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्या. फोटो, तारीख, वेळ आणि जवळची खूण. अशा तक्रारीला उत्तर देणं टाळता येत नाही.

ताशाचा_ठेका
१४ मे, रात्री ८.१५

अवांतर आहे, पण लिहितो. नदीसाठीची कला म्हणता, तर पुण्यात नदीपात्रात सगळ्यात जास्त वेळ घालवणारी कला आमची आहे. ढोल-ताशा पथकांचा सराव दोन महिने पात्रातच असतो. आमच्याबद्दल एक ओळ तरी लिहा की.

निळा_खंड्या
१४ मे, रात्री ८.५०

@ताशाचा_ठेका, राग मानू नका, पण पक्ष्यांना त्या दोन महिन्यांत काठावर थारा राहत नाही. पावसाळा हा कितीतरी पक्ष्यांच्या विणीचा काळ असतो. शिवाय सरावानंतर पाण्याच्या बाटल्या आणि वडापावचे कागद तिथेच पडलेले मी पाहिलेत.

ताशाचा_ठेका
१४ मे, रात्री ९.१०

राग नाही. कचऱ्याबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. आमच्या पथकात आता शेवटची आवर्तनं झाली की ढोल उचलण्याआधी सगळ्यांनी रांगेत उभं राहून पात्र झाडायचं, असा नियम आहे. पण तुम्ही आमच्याकडे दीडशे पोरं आहेत हे लक्षात घ्या. ही पोरं रोज नदीवर येतात, पाणी चढलेलं त्यांना सगळ्यात आधी दिसतं, भिडे पूल कधी पाण्याखाली जाणार हे त्यांना बातमीआधी कळतं. त्यांना झाडाखाली बसवून पक्षी दाखवायला एकदा या. सरावाची जागा काठापासून मागे घ्यायचं मी पथकात मांडतो.

निळा_खंड्या
१४ मे, रात्री ९.२५

येते. सकाळचा सराव असेल तो दिवस कळवा, दुर्बिणी घेऊन येईन.

वाटेवरचा_वारकरी
१५ मे, पहाटे ५.३०

रामनदी मुळेला मिळते, मुळा संगमावर मुठेला, मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला. भीमा उजनीत जाते आणि पुढे पंढरपुरात तिलाच आपण चंद्रभागा म्हणतो. आळंदीची इंद्रायणीही तुळापूरला भीमेलाच मिळते. म्हणजे बाणेरच्या मोरीतून सोडलेलं पाणी आणि पुण्यातून चालत निघालेला वारकरी दोघंही पंढरपूरलाच पोचतात. वारकरी तिथे त्याच पाण्यात स्नान करतो आणि तीर्थ म्हणून तोंडात घेतो.

दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, भवानी पेठेत आणि नाना पेठेत. पालखीच्या वाटेवर लोक प्रेमाने रांगोळ्या काढतात. माझी इच्छा आहे की एका वर्षी त्या रांगोळीत ही वाट काढावी. खाटपेवाडीपासून पंढरपूरपर्यंत पाण्याची निळी वाट, तिच्या शेजारून पालखीची. वारकऱ्याला पुण्याचा माणूस शिधा देतो, पाय चेपतो, छत्री देतो. त्याच वारकऱ्यासाठी पाणी स्वच्छ सोडणं ही त्याच सेवेतली गोष्ट आहे. भारुडातही हे छान बसेल. एकनाथांनी भारूड ज्यांच्यासाठी लिहिलं ती माणसं पोथी वाचणारी नव्हती, चौकात उभी राहून बघणारी होती.

बाणेरचा_बाळ्या
१५ मे, सकाळी ८.००

वारकरी माउली, हे वाचून गप्प झालो. रांगोळीला आमच्याकडून दोन पोती लागतील तेवढी रंगीत रांगोळी.

कलाभ्यास
१५ मे, दुपारी ३.२०

धागाकर्तीचा दुसरा प्रश्न मागे पडलाय, कुठे बदललं का? चीनमधल्या चेंग्डू शहराचं उदाहरण देते. अमेरिकन कलाकार बेट्सी डेमन तिथे गेल्या आणि १९९५ मध्ये स्थानिक कलाकारांना बरोबर घेऊन नदीकाठावर उघड्यावर नदीविषयी कलाप्रयोग केले. लोकांनी ते पाहिले, त्यावर बोलणं सुरू झालं आणि शहराच्या कारभाऱ्यांनी त्यांनाच विचारलं की काठावर काही कायमचं करता येईल का. त्यातून १९९८ मध्ये 'लिव्हिंग वॉटर गार्डन' हे उद्यान उभं राहिलं. नदीचं पाणी त्यात घेतात, ते दगडी शिल्पांवरून खेळवत, पाणवनस्पतींच्या तळ्यांमधून फिरवत नेतात आणि प्रत्येक टप्प्यावर ते अधिक स्वच्छ होतं. लोकांना ते डोळ्यांनी दिसतं. अख्ख्या नदीचं पाणी त्या एका बागेने शुद्ध होत नाही, तेवढी तिची कुवतही नाही. पण पाणी स्वच्छ होऊ शकतं हे शहराला तिथे बघायला मिळालं.

आपल्या जवळचं उदाहरण नवज्योत अल्ताफ यांचं. मुंबईच्या या कलाकार बस्तरमध्ये कोंडागावला तिथल्या आदिवासी कलाकारांबरोबर कितीतरी वर्षं काम करत आल्या. हातपंपांच्या जागा त्यांनी मिळून घडवल्या. बायकांना भांडं टेकवायला कुठे सोपं जाईल, सांडलेलं पाणी कुठे जाईल, याचा विचार शिल्पातच केलेला. सुंदर दिसणं आणि चिखल न होणं हे एकाच कामात आलं. मला वाटतं तुमच्या भिंतीलाही हाच निकष लावा, तिने काहीतरी काम केलं पाहिजे.

ओढ्यापलीकडची
१५ मे, रात्री १०.४०

बरेच दिवस फक्त वाचते, आज लिहावंसं वाटलं. मी आंबिल ओढ्याच्या काठच्या वस्तीत वाढले. कात्रजकडून येणारा ओढा. पेशव्यांच्या काळात तो वळवला आणि त्याच्याच पाण्यावर पर्वतीखालचं तळं झालं, ज्या जागी आज सारसबाग आहे. पण आमच्यासाठी ओढा म्हणजे २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. पाणी इतक्या लवकर चढलं की माणसं बाहेर काढायची की सामान, हे ठरवायलाही वेळ मिळाला नाही. गॅसची टाकी भांड्यांबरोबर तरंगत होती. त्या रात्री शहरात माणसं गेली, जनावरं गेली.

पूर ओसरल्यावर मदत आली, फोटो निघाले, काही दिवसांनी जवळ एक भिंतही रंगवली गेली. छान होती. पण रंगवणाऱ्यांनी आम्हाला एकच गोष्ट विचारली, 'पिण्याचं पाणी मिळेल का?'

आमच्यातल्या बायकांनी नंतर एक काम केलं ते सांगते. पुरात भिजून डाग पडलेल्या साड्या घराघरात होत्या. नेसता येत नव्हत्या आणि टाकवतही नव्हत्या. एका मावशींनी सुचवलं की गोधडी शिवू. एकत्र बसायला लागल्यावर तिचा नकाशा झाला. मधून निळ्या साडीची पट्टी, तो ओढा. दोन्ही बाजूंना प्रत्येकीने आपल्या घराचा तुकडा लावला, ज्याच्या त्याच्या साडीचा. पाणी जिथवर आलं तिथवर लाल धावदोरा घातला. एकीचा टाका दुसरीच्या घरावरून जायला लागला तशी भांडणंही झाली, 'आमच्याकडे पाणी उंबऱ्यापर्यंतच होतं', 'नाही गं, तुझी चूल विझली होती'. त्या भांडणातून खरी पातळी ठरली. आणि कुठल्या वळणावर राडारोडा टाकून पात्र अडवलंय तेही गोधडीवर आलं, तिथे आम्ही काळं कापड लावलं.

गणपतीत मंडळाच्या पोरांनी ती गोधडी मांडवात लावली. दर्शनाला आलेले लोक गोधडीपुढे थांबायचे आणि आपलं घर शोधायचे. त्यानंतर एका रात्री राडारोड्याचा टेम्पो आला तेव्हा त्याच काळ्या कापडाच्या जागी बायका जाऊन उभ्या राहिल्या. टेम्पो परत गेला. पुन्हा कधीच आला नाही असं मी म्हणणार नाही, पण आता तो आला की कळतं आणि कुणीतरी बाहेर येतं.

म्हणून ताई, पलीकडच्या वस्तीतल्या तरुणांना ब्रश द्यायला बोलावण्याआधी त्यांच्या आयांना भिंतीवर काय असावं ते विचारा. नदी तुमच्या मागच्या बाजूला आहे, त्यांच्या दारात आहे. आणि काठ सुंदर करायचा म्हणून काठावरची माणसं हलवायची, या दिशेने तुमचं चित्र कधी वापरलं जाऊ देऊ नका.

एकता_कट्टा
१५ मे, रात्री ११.०५

ताई, गोधडीचा फोटो असेल तर टाका ना. आमच्याकडेही पुरात खराब झालेल्या साड्या अजून माळ्यावर आहेत.

ओढ्यापलीकडची
१५ मे, रात्री ११.२०

घरांच्या खुणा आहेत त्यात, म्हणून फोटो नको. तुम्ही बघायला या, आणि साड्याही घेऊन या.

कमिटी_मेंबर
१६ मे, सकाळी ९.००

वरचा प्रतिसाद वाचल्यावर आमच्या मीटिंगमध्ये रेघेचा विषय मी स्वतः मांडणार आहे.

रामनदीकाठ
१६ मे, दुपारी १.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी पलीकडच्या वस्तीत जाऊन बसले. तिथल्या एका आजींनी सांगितलं की पावसाळ्याच्या सुरुवातीला पहिलं मोठं पाणी येऊन गेलं की चार-पाच दिवस नदी स्वच्छ दिसते आणि तेव्हा त्या अजूनही पायरीवर जाऊन पाण्याला हळदकुंकू वाहतात. त्यांना भिंतीवर ती पायरी हवी आहे, आता गाळाखाली गेलेली.

आमचं ठरत आलंय ते असं. रंग चुन्याचेच. भिंतीवर नदीची वाट उगमापासून चंद्रभागेपर्यंत, २०१० च्या पाण्याची रेघ, आजींची पायरी आणि पुण्याचा मिशाळ मासा. पावसाळी गटारांवर मासे रंगवण्यासाठी शाळेने दोन वर्ग देऊ केलेत, परवानगीचा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात दिलाय. जलवाहिनी काका, तुमच्या पहिल्या प्रतिसादातली भीती मनातून गेलेली नाही. भिंत झाल्यावर सगळे घरी जातील, असं होऊ नये म्हणून काय करता येईल?

जलवाहिनी
१६ मे, दुपारी ४.३०

ताई, दोन दिवस हाच विचार करतोय. भिंतीचा एक भाग मोकळा सोडा आणि तिथे बारा वर्तुळं आखा, महिन्याला एक.

पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायची जुनी पद्धत आहे, विंकलरची. बाटलीत पाणी घेऊन त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घातलं की साका, म्हणजे तळाशी बसणारा गाळ, तयार होतो. पाण्यात प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो, जितका जास्त तितका गडद. अजिबात नसेल तर पांढराच राहतो. नेमका आकडा काढायला पुढे आम्ल आणि टायट्रेशन (थेंब थेंब द्रावण घालून मोजणं) लागतं, ते शाळेच्या प्रयोगशाळेत करता येईल. पण रंग जागेवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दिसतो. अल्कली हाताला लागू देऊ नका, हातमोजे घालून विज्ञानाच्या शिक्षकांनीच ते घालावं.

दर महिन्याच्या ठरलेल्या रविवारी मुलांनी पाणी घ्यायचं, साक्याचा रंग बघायचा आणि त्या महिन्याचं वर्तुळ त्याच छटेने भरायचं. खाली लिटरला किती मिलिग्रॅम ते लिहायचं. अंघोळीयोग्य पाण्याला ५ किंवा जास्त लागतो. वर्षभराची बारा वर्तुळं घेऊन मी स्वतः तुमच्याबरोबर कार्यालयात येईन. शुद्धीकरण केंद्र सुरू झाल्यावर वर्तुळं गडद व्हायला हवीत. नाही झाली तर का नाही, हे विचारायचा पुरावा भिंतीवरच असेल. महिन्याचं पहिलं पाणी काढायला मी येतो, बाटल्या माझ्याकडे आहेत.

बाणेरचा_बाळ्या
१६ मे, संध्याकाळी ५.००

काका +१००. वाचनखूण साठवली.

रामनदीकाठ
१६ मे, संध्याकाळी ६.१०

काका, या. पहिल्या रविवारी सकाळी साडेसातला, मागच्या फाटकापाशी. बाई, तपकिरी छटा चुन्यात कशा करायच्या? आणि चुना किती आधी भिजवायचा?

चित्रकलेच्या_बाई
१६ मे, रात्री ९.४५

कळीचा चुना निदान दोन दिवस आधी भिजवा, जास्त भिजला तर उत्तमच. भिजवताना तो उकळतो आणि उडतो, म्हणून मुलांना लांब ठेवा आणि प्लॅस्टिकची बादली वापरू नका, पत्र्याचं पिंप घ्या. मग फडक्यातून गाळा आणि डिंकाचं पाणी घाला. भिंत आधी पाण्याने ओली करून घ्यायची आणि काम ऊन उतरल्यावर करायचं. मे महिन्याच्या दुपारी लावलेला चुना हाताला पांढरा येतो, धरत नाही.

तपकिरीसाठी गेरूत काजळी मिसळा. सुरुवातीलाच पाच छटा करून एका फळीवर लावून वाळवून ठेवा आणि त्यांना आकडे द्या, कारण ओली छटा वाळल्यावर बरीच फिकी होते. मुलांनी बाटली फळीशेजारी धरून छटा जुळवायची. शून्य प्राणवायूच्या महिन्याला नुसती काजळीची कड काढा, आत चुना आहेच.

गाळायला फडकी आणि दोन पाटे मी आणते. गेरू बोहरी आळीत मिळेल, पाच किलो घ्या.